सावलीला हार

कुडव्याचा तो फोटोवाला गिऱ्हाइकाला "सिधे बसा जी" म्हणतो. स्वतःसाठी मात्र गच्चीवरून, तिरपे, नुसत्या सावल्यांचे फोटो काढतो. जर्मनीतल्या बाउहाउस कलाशाळेवाल्यांचे तसलेच जुने फोटो त्यानं स्टुडिओच्या भिंतीवर चिकटवलेत. "चेहरा त कोनीबी काढते," असं तो म्हणायचा, आणि मला ते पटायचं.

मध्यंतरी त्याची आई गेली. तेरवीला गेलो, तर हार घातलेल्या फ्रेममध्ये धान पाखडणाऱ्या बाईची लांबलचक सावली होती. आईचा समोरून एकही फोटो त्याच्याकडे नव्हता. बाया सावलीलाच हात जोडत होत्या.

काल लायसनसाठी फोटो काढायला गेलो. त्यानं माझी हनुवटी सरळ केली, पण बटन दाबेना.

"आई हाये ना जी तुमची? उद्या घेऊन या. समोरून काढून देतो."