भिंतीच्या तळाशी मुंगसांची वाट

मंडळी, आज सकाळी हैदराबादेत आमच्या गच्चीबोलीच्या सोसायटीत मुंगसाची मादी दोन पिल्लांसह नव्या कंपाउंड वॉलपाशी अडकून येरझाऱ्या घालत होती. पलीकडच्या तळ्याकडे जायची त्यांची रोजची वाटच आम्ही बुजवली होती.

वॉचमन यादगिरी म्हणाले, "मॅडम, ये लोगां रोज इधरीच से जाते. अब रोड पे जाके मरते."

मी लगेच सोसायटीच्या सेक्रेटरीकाकांना बोलावलं. "खालच्या चार विटा काढू या."

"अगं, साप येतील!"

"काका, मुंगसं अडवलीत तर नक्की येतील."

काका हसले आणि त्यांनीच गवंड्याला हाक मारली. विटा निघाल्या. आम्ही लांब जाऊन थांबलो. थोड्या वेळाने तिघंही पलीकडे गेली!

तुमच्या भिंतीने कुणाची वाट अडवलीय, बघितलंत का कधी?