फुकटाच्या सॉफ्टवेअरला पैसे कोण देणार?

"फुकट हाय, ते समजलं. पर मग पैसे कशाचे मागताय?" आप्पांनी विचारलं.

प्रश्न रास्त होता. माझ्या दौंडच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये आसपासच्या दूध संस्थांचे चेअरमन बसले होते. खुर्च्या कमी पडल्या म्हणून काही जण मॉनिटरच्या खोक्यांवर टेकले होते. आप्पा भीमाकाठच्या एका संस्थेचे चेअरमन. माझं सॉफ्टवेअर सगळ्यात आधी त्यांनी वापरलं, म्हणून मीटिंगचं अध्यक्षपद त्यांच्याकडे गेलं होतं. आमच्याकडे चार माणसं जमली की अध्यक्ष लागतोच.

दोन हजार सालानंतरची ही गोष्ट. पुण्यातली प्रोग्रामरची नोकरी सोडून मी दौंडला क्लास काढला होता. जोडीला दूध संस्थांसाठी एक सॉफ्टवेअर लिहिलं. डेअरीवर दूध घातलं की मशीनवर त्याची फॅट, म्हणजे स्निग्धांश मोजतात. फॅटवर दर ठरतो. ते सगळं नोंदवून हातात मराठी पावती द्यायची, एवढंच त्याचं काम.

हे सॉफ्टवेअर मी ओपन सोर्स ठेवलं. म्हणजे त्याचा मूळ कोड, प्रोग्रामरनं कॉम्प्युटरला लिहून दिलेल्या सूचना, सगळ्यांना खुला. कुणीही वाचावा, बदलावा, दुसऱ्याला द्यावा. पुण्यात एक व्याख्यान ऐकून मी भारावले होते. वक्त्यांनी स्वातंत्र्यापासून मानवतेपर्यंत सगळं सांगितलं. सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यानं जेवायचं कुठं, तेवढं राहून गेलं.

सीडी गावोगाव फिरली. पाठोपाठ फोन आले. एका संस्थेला गाय आणि म्हैस वेगळी दाखवायची होती. दुसरीला दुधाच्या पगारातून भिशी कापायची होती. तिसरीच्या प्रिंटरवर 'ळ' उमटत नव्हता. मी क्लास बुडवून एसटीनं हिंडत होते. माझे मिस्टर रेल्वेत. ते म्हणाले, "दौंडला सगळ्याच गाड्या थांबतात. तू मात्र थांबायचं नाव घेत नाहीस. पुण्याची नोकरी अजून मिळतेय, घे." नोकरी घेतली की सॉफ्टवेअर बंद पडणार. म्हणून ही मीटिंग.

"पैसे सॉफ्टवेअरचे नाहीत, आप्पा. ते चालू ठेवायचे."

"म्हंजी लगीन फुकट, नांदवायचा खर्च येगळा."

"अगदी तसंच."

हे सगळ्यांना पटलं. सर्वानुमते वर्गणी ठरली. टाळ्या झाल्या. जगात याला डोनेशन मॉडेल म्हणतात. आमच्याकडे त्याचं पुढं काय होतं, ते मला लवकरच कळलं. प्रत्येक गाव म्हणे, "शेजारच्या गावानं दिली का? त्यांनी देऊ द्या, आमची तयारच हाय." शेजारचं गावही तेच म्हणे. पण मोकळ्या हातानं मला कुणी पाठवलं नाही. जाईन तिथं सत्कार झाला. शाल, श्रीफळ आणि 'ताई म्हणजे आपल्या तालुक्याची शान' असं भाषण. इतक्या शाली जमल्या, की आम्ही लग्नकार्यासाठी आहेर विकत आणणं बंद केलं. खोबऱ्याची चटणी तर बारमाही.

मग शिरूरचे एक पेंडवाले शेठ भेटायला आले. जनावरांची गोळी पेंड विकण्याचा त्यांचा मोठा व्यापार. "मॅडम, एवढं समाजकार्य करताय, पैशाची चिंता सोडा. दरमहा मी देतो. पावतीखाली आमची एक ओळ छापा."

हे स्पॉन्सरशिप मॉडेल. मी निर्धास्त झाले. पावतीखाली शेठच्या पेंडीचं नाव यायला लागलं. मिस्टरांनी नोकरीचा विषय थांबवला.

महिन्याभरानं शेठ म्हणाले, "नुसत्या नावानं माल हलत न्हाई. ज्याची फॅट कमी लागंल, त्याच्या पावतीवर छापा, 'आपल्या म्हशीची फॅट कमी आहे, आमची पेंड घाला.'"

मला त्यात गैर वाटलं नाही. म्हशीच्या दुधाला सहाच्या खाली फॅट लागली तरच हे वाक्य छापायचं, अशी सूचना मी कोडमध्ये घातली. पेंड खपायला लागली. खपते म्हटल्यावर शेठ पुन्हा आले.

"सहाचं सात करा."

"सातला कमी कोण म्हणेल?"

"आपण म्हणायचं! पावतीवर छापलं की लोक मानत्यात. आन् खरं सांगू का, आकडाच नको. सगळ्यांनाच छापा."

"नाही जमणार, शेठ."

"पैसे मी देतो ना?"

"पावती चालावी म्हणून देता. खोटी पावती निघावी म्हणून नाही."

शेठ शांतपणे चहा पिऊन गेले. मला वाटलं, विषय मिटला. शेठनी पुण्याचा एक प्रोग्रामर गाठला, माझ्याच कोडची प्रत त्याच्याकडून बदलून घेतली आणि 'नवीन सुधारित' म्हणून संस्थांना वाटली. आमच्या धंद्यात याला फोर्क म्हणतात, एका वाटेला दोन फाटे फुटणं. त्यात बेकायदेशीर काही नव्हतं. बदलायची परवानगी मीच दिली होती, अख्ख्या जगाला.

थोड्याच दिवसांत आप्पांचा फोन आला. "मॅडम, आत्ताच्या आत्ता या. तुमच्या कॉम्प्युटरनं गावात भांडण लावलंय."

पोचले तेव्हा डेअरीच्या दारात ताराबाई उभ्या होत्या. त्यांच्यामागं त्यांची म्हैस, संस्थेच्या बोर्डाच्या खांबाला बांधलेली. काळीभोर, तेल लावल्यासारखी. तिच्या दुधाची फॅट गावात सगळ्यात जास्त, कायम आठच्या वर. ताराबाईंच्या हातात पावती होती. फॅटच्या रकान्यात आठच्या वरचा आकडा आणि खाली छापलेलं, 'आपल्या म्हशीची फॅट कमी आहे.'

"तुमीच का त्या कॉम्प्युटरवाल्या?" त्या म्हणाल्या. "हिच्या तोंडाम्होरं म्हना, फॅट कमी हाय."

म्हशीनं माझ्याकडे पाहिलं. मी पावती हातात घेऊन वाचली.

"माझ्या सुनंला शेजारणी इचारत्यात, म्हशीला खायाला घालती का न्हाई म्हणून!"

आप्पा गर्दीतून पुढं आले. ते ताराबाईंहून जास्त चिडलेले दिसत होते. कारण लगेच कळलं. "तिचं सोडा. माझ्या म्हशी पंधरा दिस झालं दोन्ही टायमाला गोळी पेंड खात्यात. पावतीवर इस्वास ठिवला मी!"

मी कॉम्प्युटर सुरू केला. कोड खुला असतो तो अशाच वेळी उपयोगी पडतो. शेठच्या प्रतीतली ती सूचना उघडली आणि सगळ्यांना मराठीत समजावून सांगितली. माझ्या कोडचा अर्थ होता, 'जर फॅट सहापेक्षा कमी असेल, तर हे वाक्य छाप.' शेठच्या कोडचा अर्थ, 'हे वाक्य छाप.'

"म्हंजी निस्ता 'जर' खाल्ला व्हय?" ताराबाईंनी विचारलं.

"हो."

"जर खाल्ला त्यानं, आन् पेंड खायाची आमच्या म्हशींनी?"

आप्पांनी तिथूनच शेठला फोन लावला. शेठ म्हणत होते, जाहिरातीत थोडं वाढवून सांगतातच. आप्पा म्हणाले, "वाढवून सांगा की. हितं तर घटवून सांगितलंय!" आणि फोन ठेवला.

मी जुनी प्रत पुन्हा बसवली आणि शेठची ओळ पुसून टाकली. तिच्याबरोबर दरमहाचे पैसेही गेले, हे मला तेव्हाच कळत होतं. ताराबाईंना नवी पावती काढून दिली. त्यांनी ती म्हशीच्या शिंगाला टेकवली, मग घडी करून कमरेला खोचली आणि म्हैस सोडली.

आता पुण्याचीच वाट धरावी, असं मनाशी म्हणत मी पिशवी उचलली. तेवढ्यात संस्थेचे सेक्रेटरी म्हणाले, "मॅडम, थांबा. तुमचं आजचं काय द्यायचं?"

"सत्कार नको," मी म्हणाले.

"न्हाई न्हाई, पैसेच. पर लिव्हू कशात? सॉफ्टवेअर खरेदीच न्हाई, तर दुरुस्ती कुठनं दाखवू? ऑडिटर म्हणंल, नसल्याल्या वस्तूची दुरुस्ती केली." ते पेन चावत बसले. "मशीन तपासणी असं खातं आपल्याकडं न्हाई. म्हशी तपासणी हाय. जनावरांच्या डॉक्टरची व्हिजिट फी. वरसाचे पैसे तसंच पडून हायेत."

आप्पा म्हणाले, "मग लिव्हा की. तक्रार म्हशीचीच हुती आन् ती मिटली बी."

अशी मला पहिली व्हिजिट फी मिळाली. पुढं आप्पांनी ठराव करून ती दरमहाची केली. हा तोडगा इतर संस्थांच्या सेक्रेटरींना वर्गणीपेक्षा फारच आवडला, कारण त्यात शेजारच्या गावाची वाट बघावी लागत नव्हती. मी पुण्याची नोकरी घेतली नाही. ते सॉफ्टवेअर पुढं बरीच वर्षं चाललं. एका ऑडिटरनं एकदा विचारलं, या मॅडम म्हशीचं नेमकं काय बघतात? सेक्रेटरींनी खरं ते सांगितलं, "फॅट."

परदेशात या पद्धतीला सपोर्ट मॉडेल म्हणतात, असं मी नंतर वाचलं. सॉफ्टवेअर फुकट द्यायचं आणि सेवेचे पैसे घ्यायचे. तिथं त्यावर मोठमोठ्या कंपन्या उभ्या राहिल्या म्हणे. नव्या मुलांना मी एवढंच सांगते, कोड नंतर लिहा. गिऱ्हाइकाकडं कुठल्या खात्यात पैसे पडून आहेत, ते आधी विचारा.