चार मिस्टर आणि एक पालखी

एर्सिलिया दी कोक्को हिला राग आला की ती इस्त्री करते. मे महिन्याच्या त्या शेवटच्या आठवड्यात तिने गावच्या फुटबॉल संघाचे अठरा शर्ट दोनदा इस्त्री केले, मग मोजे केले, मग कॉर्नरवर रोवायचे चार झेंडे केले. झेंड्यांना इस्त्री जगात कुणी करत नाही.

बुधवारी आम्ही जिल्हा चषकाची फायनल हरलो होतो. सलग तिसरी. तिन्ही वेळा मध्यंतराला एका गोलने पुढे होतो, आणि तिन्ही वेळा शेवटच्या अर्ध्या तासात पोरांचे पाय चिखलात रुतल्यासारखे झाले. तिन्ही वेळा साठाव्या मिनिटाच्या आसपास मिस्टरनी (कोचला आमच्याकडे सगळे मिस्टरच म्हणतात) कप्तान दोनातोला, म्हणजे आमच्या एकुलत्या एक खऱ्या स्ट्रायकरला, बाहेर बोलावलं, त्याच्या जागी एक बचावपटू धाडला आणि उरलेल्या सगळ्यांना आपल्या गोलसमोर भिंतीसारखं उभं केलं. यंदा घड्याळात बासष्टावं मिनिट होतं. तो आकडा आमच्या रोक्कापियाना गावात आता पोरंसोरंसुद्धा शिवीसारखा वापरतात.

चौकातल्या बारमध्ये चार दिवस दुसरा विषय नव्हता. कॉफीचे कप म्हणजे आपले, साखरेच्या पुड्या म्हणजे त्यांचे, अशी मांडणी करून न्हाव्याने सकाळपासून दुपारपर्यंत फायनल सात वेळा जिंकून दाखवली. ज्याने आयुष्यात बॉलला पाय लावला नाही तोही तीन बचावपटू की चार यावर मत देत होता. मिस्टर भित्रा आहे, उत्तरेकडचा आहे, त्याच्या रक्तात पाणी आहे, असं सगळ्यांचं एकमत झालं. शुक्रवारी कुणीतरी त्याच्या गाडीच्या काचेवर पिठाच्या लगद्याने 'पलपूटा' लिहिलं. एर्सिलियाने ते ओल्या फडक्याने पुसलं आणि समोर उभ्या बघ्यांना सांगितलं की निदान शब्द तरी धड लिहायला शिका, दोन चुका आहेत.

मिस्टरचं नाव लोरिस माझ्झान्ती. बारीक, चष्मेवाला, शाळेत कसरत शिकवणारा माणूस. तीन वर्षांपूर्वी आला तेव्हापासून भाड्याच्या दोन खोल्यांत एकटाच राहतो. रविवारी सभासदांची सभा होती आणि विषय एकच होता, माझ्झान्ती राहणार की जाणार. निकाल बारमध्ये आधीच लागलेला होता.

एर्सिलियाला का झोंबावं हे? तिला झोंबण्याचं कारण तिच्या हातात रोज येतं. ती एकसष्ट वर्षांची आहे आणि बेचाळीस वर्षं संघाचे कपडे धुते. शिवाय ती शिवणकाम करते, आणि वडिलांनी शिकवलेलं एक काम गावात फक्त तिलाच येतं. संत फेलिचेची पालखी उचलणाऱ्या भोयांच्या खांद्यांच्या गाद्या ती शिवते, लोकर ठासून, वरून कातडं लावून. पालखी अक्रोडाच्या लाकडाची, आठशे किलोंची. बत्तीस भोई. मे महिन्याच्या तिसऱ्या रविवारी सकाळी ती देवळातून निघते, एकशे चौदा पायऱ्या चढते, गावातल्या प्रत्येक गल्लीत थांबते आणि नऊ तासांनी परत येते. गावातले धडधाकट पोरगे बाहेर नोकरीला गेलेत. राहिले ते संघात खेळणारे. म्हणून बत्तीसांतले चौदा भोई म्हणजे आमचा संघ. आणि जिल्हा चषकाची फायनल असते त्या रविवारनंतरच्या बुधवारी.

तुम्ही म्हणाल, मग यात न कळण्यासारखं काय आहे. एर्सिलियाही तेच म्हणते.

तिचा नवरा निकान्द्रो याच संघात डाव्या बगलेला खेळायचा आणि पालखीला पुढच्या दांड्यावर असायचा. तो गेला तेव्हा त्याला न्हाऊ घालायला आलेल्या बायकांनी आधी त्याच्या खांद्यावरचं टेंगूळ बघितलं, मग तोंड. त्या दिवशी तिने एका बाईच्या हातावर फटका मारला होता असं सांगतात. मूल झालं नाही. बहीण कामासाठी स्वित्झर्लंडला गेली ती आपलं पोर हिच्या पदरात टाकून. ते पोर म्हणजे दोनातो, आपला कप्तान, सव्वीस वर्षांचा, पालखीला निकान्द्रोच्याच जागी.

पहिल्या वर्षी माझ्झान्ती तेरेन्झियोकडे गेला होता. तेरेन्झियोचा तेलघाणा आहे, तो क्लबचा अध्यक्ष आहे आणि भोयांचा म्होरक्याही तोच. एर्सिलिया तिथेच शर्टांच्या घड्या घालत होती. मिस्टर म्हणाला, फायनल आहे, निदान अकरा पोरांना यंदा पालखीतून सोडा. तेरेन्झियोने त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि फार मायेने सांगितलं की तुम्ही परगावचे, म्हणून हे मी ऐकलंच नाही असं समजतो. दुसऱ्या वर्षी मिस्टरने विचारलं नाही, नुसता खांद्यांवर धरायला बर्फ आणला, पोती भरभरून. तिसऱ्या वर्षी त्याने मार्चमध्येच फायनल आठवडाभर पुढे ढकलण्याचं विनंतीपत्र तयार केलं. अध्यक्षांची सही हवी होती. ते पत्र तेरेन्झियोच्या खणात राहिलं. सही का नाही, तर पलीकडच्या गावचे हसतील. रोक्कापियानाच्या पोरांना आपल्याच देवाचं ओझं झेपत नाही म्हणतील.

"म्हणून मग हरून दाखवायचं," एर्सिलिया म्हणाली होती. "त्याला कुणी हसत नाही वाटतं."

रविवारी मिस्साची प्रार्थना संपली आणि सगळे देवळाशेजारच्या सभागृहात आले. अकरा वाजले होते, उकडत होतं. तेरेन्झियो बोलला, दुःखी आवाजात, बापासारखा. न्हाव्याने फळ्यावर बाण काढले. मग एकामागून एक माणसं उठली आणि तेच ते बोलली, की पुढे असताना मागे सरकणं म्हणजे दार उघडं टाकून पळणं, आणि दोनातो मैदानात असता तर चषक आत्ता या टेबलावर असता. माझ्झान्ती शेवटच्या रांगेत हात मांडीवर ठेवून बसला होता. तुम्हाला काही सांगायचंय का, असं विचारल्यावर त्याने नकारार्थी मान हलवली. त्याला बहुतेक ठाऊक होतं की त्याच्या तोंडून पालखी हा शब्द निघाला तर गाडीच्या काचेवर पीठ नाही, दगड येईल.

एर्सिलिया उठली. ती वर्गणी भरणारी सभासद आहे, पण बेचाळीस वर्षांत सभेत कधी बोलली नव्हती. कुणीतरी म्हणालं, चहापाण्याचं नंतर बघू. ती त्याच्याकडे वळलीसुद्धा नाही.

"सोळा वर्षांत सात फायनली हरलो," ती म्हणाली. "चार मिस्टर घालवले. एक पुढे खेळवायचा, एक मागे खेळवायचा, एकाला काही येतच नव्हतं, आणि हा चौथा. सातही वेळा तासाभरानंतर गळाठलो. मिस्टर बदलले, डाव बदलले, पोरं बदलली. पालखी तीच आहे आणि बुधवारही तोच आहे."

तेरेन्झियोने घसा खाकरला.

"एर्सिलिया, म्हणजे तुझं म्हणणं, देवामुळे हरलो?"

"देवाला मध्ये घेऊ नकोस. तुझ्यामुळे हरलो. मिस्टरचं पत्र तुझ्या खणात पडलंय, त्यावर सही करायला तुझा हात उचलला नाही."

तेरेन्झियोच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. तो म्हणाला की अशी चार कागदं रोज येतात. ती म्हणाली, मग दुसरा कागद दाखवते. आणि तिने दोनातोला पुढे बोलावलं.

"शर्ट काढ."

"मावशी, बस ना खाली. लोक बघतायत."

"बघायलाच बोलावलंय. काढ म्हणते ना."

त्याने एका हाताने बटणं सोडवली. शर्ट खाली उतरला आणि पुढच्या रांगेतल्या कुणाचा तरी श्वास ऐकू आला. उजवा खांदा मानेपासून दंडापर्यंत काळानिळा, मध्ये लिंबाएवढी गाठ, तिच्यावर फाटलेली कातडी. पालखीनंतर सात दिवस झाले होते तरी ही दशा. एर्सिलियाने मागच्या रांगेकडे बोट केलं.

"या खांद्याने हा बुधवारी धावत होता. त्या माणसाने बासष्ट मिनिटं वाट बघितली. मी असते तर विसाव्या मिनिटालाच बाहेर घेतलं असतं. बाकीच्या तेरांनाही सांगू का शर्ट काढायला?"

मला वाटलं, झालं. आता कळलं सगळ्यांना.

पुढच्या रांगेतून एक म्हातारी उठली, काठी टेकत दोनातोपाशी गेली आणि तिने त्या गाठीला ओठ लावले. मग दुसरी गेली. कुणीतरी टाळी वाजवली, आणि बघता बघता अख्खं सभागृह उभं राहून टाळ्या वाजवायला लागलं, पुरुष रडायला लागले. न्हाव्याने दोनातोला मिठी मारली, तो कळवळला, तेव्हा टाळ्या आणखी वाढल्या. तेरेन्झियोचे डोळे खरोखरच भरून आले होते. त्याने हात वर करून सगळ्यांना शांत केलं.

"बघा," तो म्हणाला. "देवासाठी खांदा फोडून घेतलेलं पोर, तरी मैदानात उतरलं. आणि अशा पोराला या माणसाने बाहेर बसवलं."

एर्सिलिया ओरडत होती. काय, ते कुणालाच ऐकू येत नव्हतं. तिच्या गळ्याच्या शिरा तेवढ्या दिसत होत्या.

मतदान हात वर करून झालं. जावा म्हणणारे एक्काहत्तर, राहावा म्हणणारे नऊ. एक्काहत्तरांत दोनातो होता. शर्ट अजून अर्धाच अंगात होता. उजवा हात वर जाईना, म्हणून त्याने डावा केला.

त्यानंतर एर्सिलियाने मिस्टरला दंडाला धरून आपल्या घरी नेलं. तुमच्या घरी चूल पेटलेली नसणार, जेवूनच जा, असं तिने रस्त्यात सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने सांगितलं. टेबलावर कोकराचं भाजलेलं मांस आणि बटाटे होते. दहा मिनिटांनी दोनातो आला, कारण दर रविवारी तो तिथेच जेवतो आणि आज दुसरीकडे कुठे जायचं हे त्याला सुचलं नसावं. मिस्टरला बघून तो दारातच घुटमळला.

"ये, ये," एर्सिलिया म्हणाली. "तुझ्याच वर गेलेल्या हाताने वाढलेलं ताट आहे हे त्यांचं. बस समोर."

तो बसला. तिने विचारलं की हात का वर केलास. दोनातो ताटाकडे बघत म्हणाला, मला आत ठेवलं असतं तर मी दुसरा गोल मारला असता.

"त्या खांद्याने?"

"गोल पायाने मारतात, मावशी."

तिने पाव टेबलावर आपटला. ती काही बोलणार तेवढ्यात मिस्टरच बोलला, चष्मा पुसता पुसता. म्हणाला, यंदा नाही, पण दुसऱ्या वर्षी कदाचित मारला असता. त्या वर्षी त्यांचाही एक बचावपटू लंगडत होता आणि मला ते दिसलं नाही. मी सगळ्यांना मागे घेतलं. ती फायनल माझ्यामुळे गेली, एर्सिलियाबाई. ती एक.

यावर तिचा जो पारा चढला तो खिडकीखालून जाणाऱ्यांनी ऐकला. ती म्हणाली, सगळं गाव तुमच्या डोक्यावर खापर फोडायला टपलंय आणि तुम्ही घरून मडकं घेऊन येताय. म्हणाली, सातातली एक तुमची असेल, मग उरलेल्या सहा कुणाच्या, त्यांच्यासाठी कोण उठलं आज, एक तरी माणूस उठला का. म्हणाली, हे बाहेर चुकूनसुद्धा बोलू नका, ते उरलेल्या सहाही तुमच्याच नावावर घालतील. आणि दोनातोला म्हणाली की तुला मी वाढवलं, हे आज पहिल्यांदा मला कुणाला सांगावंसं वाटत नाही.

दोनातोच्या कानशिलापर्यंत लाली चढली. तो मुकाट्याने मांस कापायला लागला. डाव्या हातात सुरी धरून, उजवा मांडीवर. तुकडा ताटात गोल गोल फिरत होता, एकदा टेबलावर पडला. मिस्टरने थोडा वेळ बघितलं, मग वाकून ते ताट आपल्याकडे ओढलं आणि लहान लहान तुकडे करायला लागला.

"कापून देऊ नका त्याला," एर्सिलिया म्हणाली. "मिस्टर, मी सांगतेय, देऊ नका."

तो कापत राहिला.