सुई पाऊणवर

या सदरातले गूढ अनुभव मी जेवताना करमणूक म्हणून वाचतो, आणि संपले की बायकोला सांगतो, "वायरिंगचा दोष असणार." त्यामुळे स्वतःचा अनुभव लिहिताना जरा ओशाळल्यासारखं होतंय...

२०१५ ची जूनची सुट्टी. आम्ही सिंगापूरला यिशुनमध्ये भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहायचो: मी, मंजिरी आणि सहा वर्षांची इरा. मलेशियातल्या लंकावी बेटावर जायचं होतं, पण विमान आणि हॉटेल परवडत नव्हतं. गाडी बोटीत चढवून नेता येते असं कळलं. गाडी म्हणजे ऑफिसमधल्या सतीशची जुनी. सिंगापूरमध्ये दहा वर्षं झाली की बहुतेक जण गाडी भंगारात काढतात. हिचे थोडेच महिने उरले होते, म्हणून मला स्वस्तात मिळाली. मागची सीट आडवी करून गादी टाकली — झाला आमचा कॅराव्हॅन! निघताना आमच्या मराठी मंडळाच्या अध्यक्षांनी बिल्डिंगखाली नारळ फोडला आणि आम्ही चंद्रावर निघाल्यासारखं भाषण केलं. "बाबा, सो लाँग लाह," लांबलेल्या भाषणाला कंटाळून इरा तिच्या सिंगापुरी इंग्रजीत कुजबुजली.

सिंगापूरमधून गाडी बाहेर नेताना टाकी किमान पाऊण भरलेली लागते. पलीकडे मलेशियात पेट्रोल स्वस्त, ते कुणी भरून आणू नये म्हणून हा नियम. आमची सुई नेमकी पाऊणवर. वाटेत टाकी फुल्ल केली, सुई पाऊणवर. बेटावर मनसोक्त हिंडलो, तरी पाऊणवरच. मी जपानी इंजिनांचं कौतुक करत राहिलो. मी सॉफ्टवेअरवाला.

परतीच्या बोटीत, भर समुद्रात, इराला दम्याचा झटका आला. इनहेलर संपला, तरी छातीतली शिटी थांबेना. अँब्युलन्स गावातून यायला वेळ लागेल, गाडीनं न्या, असं बोटीवरच्या माणसानं सांगितलं. आमची गाडी सगळ्यांत पुढे होती. बोट धक्क्याला लागली, गाड्या उतरवायची फळी खाली आली, मी किल्ली फिरवली... इंजिन नुसतं कण्हलं. पुन्हा फिरवली. पुन्हा. आम्ही अडलो म्हणून मागची एकही गाडी निघू शकत नव्हती. सगळे हॉर्न एकदम सुरू झाले.

"बॉस, मूव्ह लाह!"

"विनय, काढ ना रे गाडी! ओठ बघ तिचे!"

"अगं, होत नाहीये!"

"होत नाहीये काय? ती जातेय रे!"

मी सुईकडे पाहिलं. पाऊणवर. घाईघाईत फिरवताना किल्ली निसटून खाली पडली. तेव्हा मंजिरीनं इराला मांडीवर घेऊन मागूनच हात लांबवला आणि डॅशबोर्डवर ठेवला. "बाई गं, एवढं पोचव. मग काही मागणार नाही." ही बाई आयुष्यात कधी मिक्सरशीसुद्धा गोडीनं बोललेली नाही.

मी किल्ली उचलून फिरवली. गाडी सुरू झाली.

हॉस्पिटल पार गावात होतं. वाटेत गाडीनं एकही आचका दिला नाही. अपघात विभागाच्या दारात मी ब्रेक दाबला आणि इंजिन आपोआप बंद पडलं. इराला आत घेतलं, तोंडावर मास्क लावला. ओठांवर रंग परतेपर्यंत मी भिंतीला धरून उभा होतो.

नंतर मेकॅनिक आला. टाकीत नळी घातली, हुंगली, हसला. "टाकी रिकामी, बॉस. अगदी कोरडी. इथवर ढकलत आणली?" गळती कुठेच नव्हती. मी आत वाकून पाहिलं. सुई शून्यावर होती.

पेट्रोल भरून सिंगापूरला परतल्यावर बिशान भागात सतीशच्या घरी गेलो तेव्हा हे सांगितलं. तो आधी लाजला, मग पांढरा पडला. "शून्यावर? शक्यच नाही रे. नियम चुकवायला मीच ती पाऊणवर चिकटवली होती. तुला सांगायचं राहिलं." आम्ही खाली जाऊन डॅशबोर्ड उघडला. गोंदाचा खडा होता तसाच होता, सुईला आणि तबकडीला घट्ट धरून. फक्त शून्यावर.

पाइपात उरलेलं पेट्रोल, उतार, माझी घबराट... सगळं मांडून पाहिलं. त्यानं गाडी फार तर धक्क्याबाहेर येते. पुढचं मला आजही सांगता येत नाही.

गाडी भंगारात द्यायच्या दिवशी मी वाट वाकडी करून पंपावर गेलो आणि सिंगापूरच्या महागड्या दरानं टाकी काठोकाठ भरली.

"बाबा, वेस्ट लाह! तिला तर तोडणार ना?" इरा म्हणाली.

उतरताना मंजिरीनं डॅशबोर्डवरची धूळ ओढणीनं पुसली.