साहेबांच्या नावाने अलर्ट नको म्हणे!

मंडळी, दुपारपासून डोकं तापलंय, म्हणून इथे लिहून राहिली.

नागपुरातल्या एका पॅथॉलॉजी लॅबचा डेटाबेस मी सांभाळते. हजारो पेशंटचे रिपोर्ट आहेत त्यात. मागच्या महिन्यात मी एक सोय केली. कोणाच्याही खात्यावर पाच वेळा चुकीचा पासवर्ड पडला की खातं लॉक होतं, आणि मला व चारही शाखाप्रमुखांना ईमेल जातो.

आज पहिला ईमेल गेला. खातं निघालं आमच्या मोठ्या साहेबांचं! पासवर्ड विसरले होते, बस.

दहाव्या मिनिटाला केबिनमध्ये बोलावणं. "मॅडम, मले काहून बदनाम करून राहिल्या? सगळ्या शाखा हसून राहिल्या माझ्यावर!"

मी म्हटलं, "सर, विसरतो कोणीही. पण उद्या तुमच्या नावाने दुसराच कोणी घुसत असेल तर?"

"माझं नाव काढा त्या अलर्टमधून. आत्ताच."

"मग ईमेल फक्त मला येऊ द्या."

"तुम्हालेही नको!"

काढलं. आधी लेखी आदेश मागून घेतला, मगच काढलं.

आता गंमत बघा. रिसेप्शनवरची ताई पाच वेळा चुकली, तर लगेच पाच जणांना कळेल. साहेबांच्या खात्यातून तर प्रत्येक पेशंटचा रिपोर्ट उघडतो, आणि तिथेच चोर दार ठोकत बसला तरी कोणाला पत्ता लागणार नाही. का? तर साहेबांना लाज वाटते!

तुम्हीही कुठल्या ना कुठल्या लॅबमध्ये रक्त दिलंच असेल ना? तिथल्या साहेबांना लाज वाटत नाही, याची खात्री आहे तुम्हाला?