आप्पांनी फिरवायला शिकवलेली टाच

आप्पांची आन् माझी पहिली गाठ निमोण्यात विहाराच्या हॉलात पडली. तिथं ते पोरांना कराटे शिकवतात. मी धाकट्या भावाला न्यायला गेले व्हते. आप्पा म्हणले, "चपला काढ, आत ये. लाईनीत उभी राहा." मी नववीतनं शाळा का सोडली, हे त्यांनी तवा इचारलं न्हाई, आन् अजूनबी न्हाई.

यंदा आप्पांना साठ वर्षं पूर्ण झाली. क्लासातल्या समद्यांनी त्यांच्यावर लिहायचं ठरलं. मला चार माणसांत बोलता येत न्हाई, म्हणून हे लिहिते.

आप्पांनी कंपनीत शिफ्टा केल्या आन् सुट्टीला केंदूर, खुटबाव, जिथं पोरं जमतील तिथं मोटारसायकलवर जाऊन शिकवलं. मला मात्र राऊंड किक जमत नव्हती. एका पायावर उभं राहून दुसरा बाजूनं फिरवून मारायचा. मारताना उभ्या पायाची टाचबी फिरली पायजे. माझी फिरायचीच न्हाई. दोन महिन्यांत त्या पायाचा गुडघा सुजला. आई म्हणली, "बास झालं आता." क्लास बंद. शाळा सुटल्यावर माझ्याकडं तेवढंच एक व्हतं.

सूज उतरल्यावर मी कांदा लावायला वाफ्यात उतरले, तवा आप्पा रानात आले. जयभीम घातला आन् बांधावरनं बराच येळ माझे पाय बघत राहिले.

"अगं, तू बोटांनी चिखल धरून ठेवती!"

आई हसली. "मग काय आप्पा, सोडून देती? तोंडावर पडल की."

"वाफ्यात बरोबर हाय. पण ही हॉलातबी फरशी धरूनच उभी राहती. टाच फिरणार कशी? समदा पीळ गुडघ्यावर येतो." मग आप्पा सरळ म्हणले, "ताई, चूक माझी हाय. मी नुसता वरचा पाय बघत बसलो. पोरीला तरास झाला."

शिकवणारा माणूस असं म्हणतो, हे मी पहिल्यांदाच ऐकलं. आई म्हणली, "एक डाव येऊन बघते. दुखलं तर बंद."

डॉक्टरांनी व्हय म्हणल्यावर आप्पांनी फरशीवर मूठभर बाजरी टाकली. भिंत धरून, दाण्यांवर नुसती टाच फिरवायची. लाथ न्हाई. पोरं म्हणली, "ताई, दळण काढती का?" आप्पांनी त्यांनाबी बाजरीवर उभं केलं. धपाधप पडली समदी!

पंधरा दिवसांनी आई हॉलात येऊन बसली. आप्पांनी पॅड धरला. मी मारली. टाच आपोआप फिरली, आन् आप्पा एक पाऊल मागं सरकले. आईनं इचारलं, "दुखलं का गं?"

"न्हाई."

"मग उद्या वाफे लवकर उरकू. क्लासला उशीर नको."

आप्पा, तुम्हाला लई आयुष्य मिळू दे, आन् गुडघे ठणठणीत राहू दे. आता माझ्यामागं अकरा पोरी लाईनीत हायेत, आन् त्यांच्या टाचा तुम्हालाच बघायच्यात.