रमोना किहुइस आणि तीन ओकांची घळ

बेयोता गावात हरणाच्या शिकारीवरून वाद निघाला की तो फार वेळ चालत नसे. कोणीतरी म्हणायचं, "दोन्या रमोनाला विचारा," आणि विषय मिटायचा. दोन्या म्हणजे तिकडे वडीलधाऱ्या बाईला मानाने लावायचा शब्द. रमोनाला तो चाळिशीच्या आतच चिकटला होता.

शिकार हा काही तिचा धंदा नव्हता. ती रस्तेखात्यात होती. अ‍ॅरिझोनाच्या दक्षिण टोकाला, सरहद्दीच्या अलीकडे आमचा भाग. रस्ते सगळे मातीचे. पाऊस झाला की ओढे ते धुऊन नेत, आणि मग रमोना तिचं रस्ता सपाट करायचं पिवळं अवजड ग्रेडर घेऊन निघायची. सव्वीस वर्षं तिने ते चालवलं. त्यामुळे कुठल्या वळणावर सकाळी हरणांचे ठसे उमटतात, कुठल्या पाणवठ्याला मे महिन्यातही ओल असते, हे तिला घरातल्या भांड्यांसारखं पाठ होतं.

मी तिथे गेलो १९७८च्या शरदात, टपाल वाटायच्या नोकरीवर. मी उत्तरेकडचा, मिनेसोटाचा. तिथल्या बर्फाळ जंगलात पंधरा हरणं मारलेली, त्यामुळे मला वाटे की या विषयात आता शिकण्यासारखं काही उरलेलं नाही. दुसऱ्याच आठवड्यात माझी टपालाची जीप कोरड्या ओढ्याच्या वाळूत रुतली. तासाभराने ग्रेडर घरघरत आलं. वर भुऱ्या रंगाची, रुंद काठाची हॅट घातलेली बाई.

"दर वर्षी एक तरी गोरा इथे रुततो," ती साखळी अडकवत म्हणाली. "या वर्षी तू दिसतोस."

जीप बाहेर निघाली. तिचं लक्ष मागच्या सीटवरच्या माझ्या नव्याकोऱ्या रायफलीकडे गेलं.

"हे कशासाठी?"

"हरणांसाठी."

"इथली हरणं केवढी असतात बघितलंयस? माझ्या नवऱ्याच्या खुर्चीत बसवलं तर पाय खाली टेकायचे नाहीत."

"तुमचे मिस्टर काय करतात?"

"न्हावी आहे. तुलाही गरज दिसतेय त्याची," ती म्हणाली. "सोडतीत नाव लागलंय का?"

लागलं होतं. शिकारीचे परवाने तिकडे सोडतीने मिळतात. नाव लागलं तर हंगाम, नाहीतर पुढचं वर्ष.

"मग शुक्रवारी उजाडायच्या आत ये. ही रायफलही आण, हत्ती निघाला तर कामाला येईल."

शुक्रवारी तिने ट्रकच्या फळीवर माझी पाठपिशवी उपडी केली. कुऱ्हाड, दोराचं वेटोळं, तीन चाकू, मांसाचे डबे, नराला भुलवण्यासाठी एकमेकांवर आपटायची शिंगं. तिने एक चाकू ठेवला आणि बाकीचं ट्रकमध्ये सारलं. मोकळ्या जागेत आणखी दोन बाटल्या पाणी भरलं. वर चार जुने उशीचे अभ्रे, एक चिमटा, रुंद दातांचा कंगवा आणि अंगाला लावायच्या पावडरचा डबा.

मी हसलो. "सौंदर्यस्पर्धा आहे का?"

"पावडर वाऱ्यासाठी. चिमूटभर उडव, कुठे जाते बघ. वारा तुझ्या पाठीवर असेल तर घरी जा, झोप. अभ्रे मांसासाठी, आत हवा लागते आणि माश्या बसत नाहीत. आणि कंगवा..." ती थांबली. "कंगवा तुला आपोआप कळेल."

अर्ध्या तासात कळला. तिथे चोया नावाचं निवडुंग असतं. जवळून गेलं तरी त्याचा काटेरी गोळा मांडीला येऊन बसतो, हाताने काढू गेलं तर हातात बसतो. कंगवा खाली सारून झटका दिला की निघतो. त्या दिवशी तिने माझ्या अंगावरून अकरा गोळे काढले आणि प्रत्येक वेळी मोठ्याने आकडा म्हटला.

तीन ओकांच्या घळीसमोर एका उतारावर आम्ही बसलो, उगवतीकडे पाठ करून. समोरच्या डोंगरावर ऊन हळूहळू उतरत होतं. तिने लाकडी तिपाईवर मोठी दुर्बीण बसवली. ती तिपाई तिच्या नवऱ्याने, लाझारोने, जमीन मोजणाऱ्यांच्या मोडक्या तिपाईतून बनवलेली होती. मी माझी दुर्बीण हातातच धरली.

"हातात धरलीस तर तुझं काळीज धडधडताना दिसेल फक्त," ती म्हणाली. "गुडघ्यावर टेकव. आणि हरीण शोधू नकोस."

"मग काय शोधू?"

"डोंगरात सगळं उभं असतं. झाड, निवडुंग, गवत, सगळं. आडवी रेघ दिसली की थांब. ती पाठ असते. नाहीतर कान हलतो, तेवढाच. आधी बसायचं, गोऱ्या. चालायचं काम डोळ्यांना करू दे."

चार तास बसलो. मला एक ससा दिसला. तिने नऊ हरणं मोजली होती.

"एक तर तुझ्याकडे बघून हसत होतं," ती म्हणाली.

खाली ट्रकजवळ लाझारो होता. बारीक, नीटनेटका माणूस; पांढरा शर्ट, पॉलिश केलेले बूट. इंजिनाच्या ऊबेवर त्याने टॉर्टियात, म्हणजे तिकडच्या पातळ पोळीत गुंडाळलेला घोटलेला राजमा आणि भाजलेल्या हिरव्या मिरच्या ठेवल्या होत्या. रमोना शिकारीला निघाली की तो दुकान बंद ठेवून तिच्यासोबत यायचा आणि ट्रकपाशीच थांबायचा. बंदुकीला त्याने कधी हात लावला नाही. गिऱ्हाइकाच्या गालाला वस्तरा नुसता लागला तरी गिऱ्हाइकाआधी त्याचाच चेहरा पांढरा व्हायचा. रमोनाची जुनी दुर्बीण बॉनेटवर तांदळाच्या पिशवीवर टेकवून तो रेडिओ ऐकत बसायचा.

"तुम्ही काय बघता त्यातून?" मी विचारलं.

"तिची हॅट."

रमोना राजमा चघळत म्हणाली, "म्हाताऱ्याला दुसरं काही दिसतच नाही."

तिसऱ्या वर्षी मला नर मिळाला. गोळी लागली, तो ओकाखाली कोसळला, आणि मी धावत सुटलो. घळ उतरून पलीकडे चढलो तर तिथे एक ओक नव्हता, चाळीस होते. इकडून दिसणारं तिकडे गेल्यावर काहीच जुळेना. दोन तास भटकलो. शेवटी मागे वळून बघितलं तर रमोना तिच्या जागेवर तशीच बसलेली, हॅट हातात घेऊन डावीकडे, अजून डावीकडे दाखवणारी. संध्याकाळी ती एवढंच म्हणाली, "एकाने दुर्बिणीपाशीच राहायचं. एकटा असलास तर निघायच्या आधी जागा तोंडपाठ कर. जीव घेतलायस ना? मग तो शोधणं तुझं काम." तरुणपणी तिने एक जखमी नर तीन दिवस शोधला होता आणि तो सापडला नव्हता. त्यानंतर तिने दोनशे पावलांपलीकडे कधी गोळी झाडली नाही. मोठमोठी शिंगं तिच्या हातून त्यापायी सुटली.

१९८७च्या डिसेंबरची गोष्ट. नाताळ तोंडावर, केस कापायला दुकानात रांग, त्यामुळे लाझारो पहिल्यांदाच तिच्यासोबत गेला नाही. रमोना शुक्रवारी एकटी गेली. अंधार पडला तरी परतली नाही. ती रात्र कशी गेली हे लाझारोने कधी कोणाला सांगितलं नाही. शनिवारी फटफटताना त्याने माझं दार वाजवलं. हातात ती जुनी दुर्बीण, पायात दुकानातले बूट.

तिचा ट्रक नेहमीच्या जागी उभा होता, काचेवर हिमाचा थर. शेजारच्या रँचवरचे दोघे गुराखी भाऊ घोडे घेऊन आले आणि हाका मारत घळीत शिरले. मीही निघालो. लाझारोने मात्र बॉनेटवर कोट घडी करून ठेवला आणि त्यावर दुर्बीण टेकवली.

मला राग आला. "लाझारो, इथे बसून काय होणार आहे? चला ना!"

"ती म्हणते आधी बसायचं."

"ती हरणांचं सांगत होती!"

त्याने डोळे दुर्बिणीला लावले. कोटावरची दुर्बीण जराही हलत नव्हती. मी चरफडत त्याच्या शेजारी थांबलो, कारण त्याला एकट्याला सोडवेना. घोडेस्वार पहिल्या वळणाआड दिसेनासे झाले. ढग आले, ऊन गेलं. एक तास गेला, दुसराही गेला. तो डोंगराची एकेक पट्टी डावीकडून उजवीकडे बघत होता, मग एक बोट खाली, पुन्हा डावीकडून. दाढी करताना गालावर वस्तरा चालवायचा ना, अगदी तसा.

"हार्लन," तो मला हळूच म्हणाला. "मधल्या ओकाच्या खाली. राखाडी दगडाच्या वर. आडवी रेघ आहे."

मी बघितलं. "दगडाची कड आहे ती."

"हॅट आहे."

"लाझारो, इतक्या लांबून..."

"सत्तावीस वर्षं ती हॅट बघतोय मी."

मी पुन्हा डोळा लावला. कितीतरी वेळाने ती रेघ जराशी कलली. मी ओरडलोच. मी पाठपिशवी उचलली तर त्याने माझा दंड धरला.

"तू थांब इथे. मला हाताने दाखव."

"अहो, तुम्ही या बुटांनी..."

पण तो निघाला होता. जो माणूस सत्तावीस वर्षांत ट्रकपासून शंभर पावलांपलीकडे गेला नव्हता, तो चोयांमधून सरळ रेषेत चढला. दोनदा घसरला. मी हॅटने उजवीकडे, डावीकडे दाखवत राहिलो. पाऊण तासाने तो तिच्यापाशी पोचला. दुर्बिणीतून मला सगळं दिसत होतं. वाटलं, आता गळ्यात पडतील. तसं काही झालं नाही. तो तिच्या शेजारी धपकन बसला. ती काहीतरी बोलली. मग तिने खिशातून कंगवा काढला आणि त्याच्या विजारीतले काटे एकेक करून उडवायला लागली. तो कोपरात तोंड लपवून बसला होता. त्याचे खांदे हलत होते.

गुराखी परतल्यावर घोडे घेऊन आम्ही वर गेलो तेव्हा कळलं, तिच्या घोट्याचं हाड मोडलं होतं. नर पडल्यावर तिने तो नीट साफ केला, मांस अभ्र्यांत भरून जुनिपरच्या झाडाला सावलीत टांगलं, आणि पहिली खेप घेऊन उतरताना दगड सटकला. ओठ थंडीने निळे पडलेले, पण आवाज शाबूत.

"आधी मांस काढा ते," ती गुराख्यांवर ओरडली. "मी काही एवढ्यात सडत नाही!"

"मोना, गप्प घोड्यावर बस," लाझारो म्हणाला. त्याला इतक्या मोठ्या आवाजात बोलताना मी तेवढं एकदाच ऐकलं. तीही मुकाट बसली. मांसाचा एक अभ्रा मात्र त्यानेच खांद्यावर घेतला. रक्त झिरपून शर्ट लाल झाला होता, चेहरा चुन्यासारखा, आणि पायथ्यापर्यंत तो अभ्रा कोणाच्या हातात द्यायला तयार नव्हता.

तिचा घोटा पुढे कधी पुरता बरा झाला नाही. लांबची चढण बंद झाली. पण त्यानंतरच्या हंगामांत लाझारोचं ट्रकपाशी थांबणंही बंद झालं. दोघं जवळच्याच उतारावर एका गोधडीवर बसायची. तो शोधायचा, ती मारायची.

"ओकाखाली," तो म्हणायचा.

"कुठल्या ओकाखाली, म्हाताऱ्या? शंभर ओक आहेत."

"ज्याच्याखाली हरीण आहे त्या."

त्यांचं हे भांडण ऐकून किती हरणं पळाली असतील देव जाणे. मी पलीकडे बसून राजमा खायचो. आता वाटतं, त्या सकाळींचं मोल फार मोठं होतं, आणि मी मात्र शिंगांच्या टोकांची गणती करत बसलो होतो.

लाझारो २००० साली गेला. झोपेतच. रमोनाने त्यानंतर सोडतीत नाव टाकलं नाही. गावातली नवी पोरंपोरी तिच्याकडे अंतर मोजायची यंत्रं, नकाशे दाखवणारी उपकरणं घेऊन यायची. मला वाटायचं ती नाक मुरडेल. तिने यंत्र डोळ्याला लावून समोरच्या चर्चचं अंतर मोजलं, मग टपाल कचेरीचं, मग शेजारणीच्या कोंबड्याचं.

"हे वीस वर्षं आधी आलं असतं तर आमचं निम्मं भांडण वाचलं असतं," ती म्हणाली. मग यंत्र परत देत, "बरं झालं, नाही आलं."

ती एक्याऐंशीची होती तेव्हा ऑगस्टमध्ये एका सकाळी मी तिला गाडीतून फिरवायला नेलं. पावसाने डोंगर हिरवे झाले होते. एका वळणावर दहा पावलांवर एक नर रस्त्यात उभा. शिंगांवर अजून लव होती, ओली, त्यावर माश्या बसत होत्या. मी गाडी बंद केली. तो आमच्याकडे बघत राहिला, ती त्याच्याकडे. मग तो सावकाश उतरून झुडपांत गेला.

"देखणा आहे मेला," ती म्हणाली. "डिसेंबरात हा कुठे असेल मला माहितेय."

"कुठे?"

"का सांगू?"

"दोन्या, माझं नाव लागलंय सोडतीत."

"मग बस की."

डिसेंबरात मी चौदा दिवस बसलो. तीन ओकांच्या घळीत, तिच्या मागच्या खिंडीत, जुन्या पाणवठ्यावर. माद्या दिसल्या, लहान नर दिसले, तो दिसला नाही. नाताळला तिच्याकडे मक्याच्या पानात वाफवलेले तामाले खायला गेलो आणि तसं सांगितलं, तर ती इतकी हसली की तिला खोकला लागला. मी पाणी दिलं. पुन्हा विचारलं. तिने तोंड पुसलं आणि नकारार्थी मान हलवली.

मार्चमध्ये ती गेली. तो नर कुठे असायचा, ते तिने शेवटपर्यंत सांगितलं नाही.